स्नो स्कूटरचं घर आतून कसं असावं?

बर्फातल्या ठाण्यावर स्नो स्कूटर ठेवण्यासाठी बंद ट्रेलर किंवा पोलादी कंटेनर आला, की तो बाहेरून कसा दिसतो हे सगळे पाहतात. रंग, नंबर, युनिटचं चिन्ह. आतलं काम कसं झालंय हे मात्र एकाच माणसाला कळतं. पहाटे पाचला, उणे वीस-पंचविसात, ज्याला ते मशीन बाहेर काढायचं असतं, त्याला. माझं म्हणणं एवढंच आहे की या खोक्याचं आतलं काम त्या माणसाला विचारून व्हावं. आधी पाण्याचा विचार, मग हवेचा, मग आगीचा. चकाकी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बऱ्याचदा सुरुवातच चकाकीपासून होते.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असं मैदानी भागातल्या वाचकाला वाटेल. १९३४ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. बर्फाने रस्ते बंद होते, त्याला इस्पितळात नेता आलं नाही. याच माणसाने पुढे बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवल्या आणि १९५९ साली त्याची ‘स्की-डू’ बाजारात आली. आज तिकडे लोक हौसेने स्नोमोबाइल चालवतात, तिच्यासाठी बंद ट्रेलर घेतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याचं आतलं काम स्वतः करतात. आपल्याकडे हे मशीन अजून मूळ कामावरच आहे. सियाचीनसारख्या ठिकाणी हवामान बिघडलं की हेलिकॉप्टर येत नाही. उंचीमुळे एखाद्या जवानाच्या फुप्फुसात पाणी भरू लागलं, तर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याला खाली उतरवणं. अशा वेळी स्कूटरमागे स्लेज जोडतात. त्या क्षणी मशीनचा ट्रॅक फरशीला गोठून चिकटलेला असेल, तर त्याची किंमत मिनिटांत मोजावी लागते.

तो चिकटतो कसा? दिवसभर धावून आलेल्या मशीनच्या ट्रॅकमध्ये आणि स्कीवर बर्फ ठासून भरलेला असतो. दार बंद केलं की इंजिनाच्या उरल्यासुरल्या उबेने तो वितळतो आणि हवा दमट होते. ताकाच्या गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच या हवेचं पाणी थंड पत्र्यावर जमतं. रात्री त्याचं हिव होतं, दुपारी उन्हाने पत्रा तापला की छतातून आतच पाऊस पडतो आणि संध्याकाळी ते सगळं फरशीवर पुन्हा गोठतं. मग सकाळी पहार घेऊन ठोकाठोक सुरू. अशाने ट्रॅकचं रबर फाटतं.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. पत्रा आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये उष्णतारोधक थर पोकळी न ठेवता भरायचा. त्याच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचा कागद लावायचा, म्हणजे दमट हवा थंड पत्र्यापर्यंत पोचत नाही. सांधे टेपने बंद करायचे. अस्तराचे स्क्रू थेट पोलादी फासळ्यांत मारायचे नाहीत, मध्ये लाकडी पट्टी हवी. नाहीतर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हिवाचा पांढरा ठिपका उगवतो. जमिनीला दाराकडे उतार आणि पाणी जायला भोकं हवीत. प्लायवूड आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लाय, आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने बंद केलेल्या, कारण पाणी आधी कडेतून शिरतं. स्कीच्या खालची पोलादी धार लाकूड खरवडते, म्हणून तिच्या वाटेवर जाड प्लास्टिकच्या पट्ट्या हव्यात. मशीन बांधायच्या कड्या प्लायवूडमध्ये नकोत, त्या खालच्या सांगाड्यात पक्क्या हव्यात. दोन-अडीचशे किलोचं मशीन झोजिलाच्या वळणांवर प्लायवूडला जुमानत नाही.

दुसरं हवेचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साठते, म्हणून एक झरोका खाली हवा आणि एक वर. थंडीत पेट्रोल पेटत नाही हा भ्रम आहे. उणे चाळीसच्या आसपासही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि उंचीवर मुळातच ऑक्सिजन विरळ. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. म्हणजे जो धूर पुण्यात डोकं दुखवेल, तो तिथे माणूस झोपवेल. बुखारीच्या काजळीने सकाळी काळी थुंकी पडलेली ज्यांना आठवते, त्या माजी सैनिकांना हे वेगळं सांगायला नको. पण लक्षात ठेवा, वाऱ्यापासून आडोसा मिळाला की जवान तिथे चहा ठेवणार, मोजे वाळवणार आणि झरोक्यातून गार झोत आला की त्यात पोत्याचा बोळा कोंबणार. त्याला आदेश देऊन भागत नाही. झरोकाच असा बसवा की झोत माणसाच्या अंगावर येणार नाही, बाहेरून बर्फ भरणार नाही आणि आतून जाळीमुळे बोळा जाणार नाही.

तिसरं आगीचं. थर्माकोल स्वस्त आहे, हलका आहे, कापायला सोपा आहे. पण तो पेट्रोलमध्ये विरघळतो आणि भडकून जळतो. पेट्रोलच्या मशीनच्या घरात त्याला जागा नाही. रॉकवूल जळत नाही, मात्र भिजलं की निकामी होतं, म्हणून तो प्लास्टिकचा कागद आणखी महत्त्वाचा. आग विझवायचा सिलिंडर दाराशी हवा. आत दुसरं दारही हवं आणि किमान एक दार आत उघडणारं हवं, कारण बाहेर उघडणारं दार रात्रीतून साचलेल्या बर्फाने बंद होतं. फावडं आतच टांगलेलं हवं. कडी जाड हातमोज्यांनी उघडता यायला हवी. त्या थंडीत उघडं बोट लोखंडाला लावणं म्हणजे कातडी तिथेच सोडणं.

यात नवीन शोध एकही नाही. मग हे होत का नाही? कारण आपण फिनिशिंग इन्स्पेक्शनसाठी करतो. ही सवय खडकवासल्याला लागते. कॅबिनमधल्या कपाटाचा दर्शनी भाग पट्टी लावून आखलेला आणि रोज वापरायचं सामान दुसरीकडेच. अकॅडमीत त्याचा उपयोग असतो, तिथे शिस्त शिकायची असते. पण एका ठाण्यावर आमच्याकडे असाच एक कंटेनर आला होता. पांढरं चकचकीत अस्तर, छताला दिव्यांची पट्टी, मागे थर्माकोल, झरोका एकही नाही. पाहणीत सगळे खूश. तीन आठवड्यांनी आमचे सुभेदारसाहेब, खटाव तालुक्यातले, मला म्हणाले, “साहेब, खोक्याला घाम फुटलाय बघा.” अस्तर उतरवलं तर मागे ओला लगदा. ते सगळं काढून जवानांनी आठ दिवसांत नव्याने केलं. दिसायला साधं झालं. मशीन मात्र रोज निघालं.

इन्स्पेक्शन नकोच असं मी म्हणत नाही. एकसारखा नमुनाही हवा, कारण दोन वर्षांत युनिट बदलतं आणि नवीन माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करतो. माझ्या सूचना दोनच आहेत. भिंतीमागे काय भरलंय, वायर कुठून गेलीय, कुठे स्क्रू मारू नये, हे एका पत्र्यावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. आणि खोकं ताब्यात घेताना सही दुपारी करू नका. संध्याकाळी बर्फाने भरलेलं मशीन आत ठेवा, दार लावा, पहाटे पाचला ज्याला ते चालवायचंय त्याच्या हाताने उघडा. मशीन हलकेच बाहेर आलं, छत कोरडं असलं आणि पेट्रोलचा वास कोंडलेला नसला, तर सही करा. ती सहीही आधी त्या चालकाची, मग आपली.