बोलायला लागलेली पाच मिनिटे

माझी पुतणी एका सरकारी रुग्णालयात आंतरवासिता करीत आहे. गेल्या महिन्यात दोन दिवसांच्या सुट्टीवर ती घरी आली होती. रात्री जेवणे आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काका, एक सांगायचे आहे. आईला सांगू नका, ती घाबरेल." तिने जे सांगितले, ते तिच्या अनुमतीने आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्या रात्री तिची पाळी पुरुषांच्या वॉर्डात होती. खाटा भरलेल्या आणि काही रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले. त्या रात्रीचे वरिष्ठ डॉक्टर म्हणजे साऱ्या महाविद्यालयाला धाक असलेले गृहस्थ. ज्ञान मोठे, हात कुशल आणि जीभ विलक्षण तिखट. संध्याकाळीच एका सहाध्यायाचा केसपेपर त्यांनी सर्वांसमक्ष भिरकावून दिला होता. अशा माणसाबरोबर रात्र काढायची म्हणून ही मुलगी जेवलीही नव्हती.

रात्री साडेदहाच्या सुमारास एक वृद्ध शेतकरी दाखल झाला. पायाला जखम होऊन ती चिघळलेली, पाय सुजलेला आणि अंगात सणसणून ताप. सोबत त्याची म्हातारी. पुतणी माहिती लिहून घेत असताना म्हातारी म्हणाली, "लेकी, पेन्सिलीनची सुई ह्यास्नी चालत न्हाई बग. मागं श्वासच कोंडला हुता." तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण अत्यवस्थ झाला. ही तिकडे धावली आणि ते वाक्य लिहायचे राहून गेले.

पहाटे तीन वाजता वरिष्ठ फेरीला आले. केसपेपर चाळला, पाय पाहिला आणि इंजेक्शनाचे नाव सांगितले. ते औषध पेनिसिलीनच्याच कुळातले होते. सिस्टर औषध काढायला वळल्या आणि पुतणीला म्हातारीचे शब्द आठवले.

"काका, मी पाच मिनिटे गप्प उभी होते," ती म्हणाली. "सिस्टर कुपी फोडताना मला दिसत होत्या. सरांना थांबवायचे म्हणजे आधी माझी चूक कबूल करावी लागणार होती. वाटले, म्हातारीचा काही गैरसमज झाला असेल. वाटले, एवढ्या मोठ्या डॉक्टरांना कळत नसेल का? पण त्यांना कळणार कसे? मी लिहिलेच नव्हते!"

अखेर ती बोलली. आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा सांगावे लागले. वरिष्ठांनी विचारले, "मग कागदावर का नाही?" ती म्हणाली, "माझ्याकडून राहिले, सर." त्यांनी म्हातारीला जागे करून स्वतः चौकशी केली, इंजेक्शन रद्द करून वेगळ्या गटातले औषध दिले आणि हिच्यापुढे लाल शाईचे पेन धरले. सकाळच्या राऊंडला सर्वांदेखत तिची खरडपट्टी काढली. शाबासकीचा शब्द नाही. म्हातारा मात्र आठ दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला.

"मी बोलले नसते तर?" तिने मला विचारले. मी उत्तर देऊ शकलो नाही. कारण न बोलण्याचा अनुभव माझ्या पदरी आहे.

१९८४ साली मी एका बाजारपेठेच्या गावी बँकेत नवा अधिकारी होतो. वटवण्यासाठी आलेल्या दोन बिलांना एकाच क्रमांकाची लॉरी पावती जोडलेली माझ्या नजरेस आली. व्यवस्थापक अत्यंत तापट. आदल्याच दिवशी त्यांनी मला "तुला व्यापारातले काय कळते?" असे सुनावले होते. मी गप्प राहिलो. तीन महिन्यांनी बिले न पटता परत आली. बिलवाला परागंदा झाला आणि जामीन राहिलेल्या एका सरळ माणसाला स्वतःचे दुकान गहाण टाकून रक्कम भरावी लागली. तो गृहस्थ पुढे अनेक वर्षे मला रस्त्यात नमस्कार करीत असे. तो नमस्कार मला आजही टोचतो.

अशा मौनाची किंमत याहून भयंकरही असते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे प्राणास मुकली. समोरचे विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झाले नसावे, अशी शंका डच विमानातील अभियंत्याने बोलून दाखवली होती. परंतु त्याचा कप्तान म्हणजे इतर वैमानिकांना शिकवणारा नावाजलेला माणूस. त्याने ती शंका उडवून लावली आणि पुन्हा कोणी बोलले नाही. त्यानंतर विमानसेवांनी कनिष्ठांना बोलण्याचे आणि वरिष्ठांना ऐकण्याचे रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला.

वैद्यकातही असाच विचार झाला. ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातले, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी तयार केली. रुग्णाला एखादे औषध वर्ज्य आहे काय, हा प्रश्न तीत आहेच. शिवाय चिरफाड सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असेही एक कलम आहे. ज्याने एकदा तोंड उघडले, त्याला पुढे शंका बोलणे सोपे जाते, हे त्यामागचे मर्म. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

कोणी म्हणेल, कठोर गुरूंमुळेच माणसे घडतात. ते काही अंशी खरे आहे. त्या वरिष्ठांनी केसपेपरविषयी धरलेला आग्रह योग्यच होता. ती लाल शाई पुतणी जन्मभर विसरणार नाही. पण शिस्त आणि दहशत या दोन गोष्टी आहेत. शिस्तीने चूक टळते, दहशतीने ती झाकली जाते. त्या रात्री म्हातारा वाचला तो धाकामुळे नव्हे, धाकाला न जुमानता एक मुलगी बोलली म्हणून.

आपल्या पेढ्यांवरही हा प्रश्न आहेच. मालाचा भाव चुकीचा लागला, उधारी हाताबाहेर चालली, नोंद दोनदा पडली, हे सर्वांत आधी दिसते ते मुनिमाला, नव्या पोऱ्याला किंवा नुकत्याच गादीवर बसू लागलेल्या धाकट्या मुलाला. ते आपल्याला येऊन सांगतात काय? की आपला चेहरा पाहून परत फिरतात? आज रात्री दुकान वाढवताना एवढे एकदा मनाशी विचारून पाहावे.

परत निघताना पुतणी पाया पडली. मी तिला एवढेच म्हणालो, "उद्या तू वरिष्ठ होशील. तेव्हा ती पाच मिनिटे आठव."