गाळे घेतले, अनामत राहिली

आज पिकाचे बोलायचे नाही.

आमच्या भागातल्या एका बागायतदाराने उसाच्या बिलात भर घालून तालुक्याच्या गावी तीन गाळे घेतले, भाडेकरूंसकट. उतारा पाहिला, हद्द मोजली. सहा महिन्यांनी शिंपी गाळा सोडताना म्हणाला, "मालक, माझी वीस हजारांची अनामत द्या." ती तर जुन्या मालकाच्या खिशात! म्हैस घेताना आपण सड न् सड पिळून बघतो. इथे कोणी विचारलेच नाही.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 109 सांगते, की भाड्याची जागा विकली की जुन्या मालकाचे हक्क घेणाऱ्याकडे येतात आणि भाडेकरूने धरले तर जबाबदाऱ्याही. म्हणून अनामत किमतीतून वजा करा व तसे खरेदीखतात लिहून घ्या. आकडा मात्र विकणाऱ्याच्या तोंडचा धरू नका. प्रत्येक भाडेकरूला भेटून अनामत किती आणि भाडे कुठवर दिले, हे त्याच्या सहीने घ्या. करार पाहा, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी व नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची.

खरेदी होताच भाडेकरूला लेखी कळवा. विक्रीची कल्पना नसताना त्याने जुन्या मालकाला भाडे दिले, तर ते पुन्हा मागता येत नाही.

बागायतदाराने शिंप्याचे पैसे भागवले, पावती घेतली. उरलेल्या दोघांच्या चाळीस हजारांसाठी परवा तो जुन्या मालकाकडे गेला होता. दाराला कुलूप होते.