जोतीरावांचे बारा रुपये

बाबासाहेबांनी गुरुस्थानी मानलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यातील मागणी आपण दरवर्षी जयंतीच्या व्यासपीठावरून ऐकतो. त्याच निवेदनात शिक्षकाविषयी जे म्हटले आहे, ते मात्र क्वचितच कोणी सांगतो. शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मिसळणारा असावा. त्याचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे. अधिक विद्यार्थी उत्तीर्ण करणाऱ्यास वेगळा भत्ता मिळावा. गावचा हिशेब, दस्तनोंदणी, टपाल अशी कामेही त्याच्याकडे सोपवावीत, असे जोतीराव सुचवितात. हेतू हा की, गावात त्याची प्रतिष्ठा वाढावी.

आजचा शिक्षक हे वाचून खिन्नपणे हसेल. कामे त्याच्याकडे आहेतच! मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, तीच माहिती तीन तक्त्यांत ऑनलाइन भरणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली खरी. पण अपवादांच्या दारातूनच बरेच काही आत येते. जोतीरावांच्या मनातील कामे शिक्षकाचा मान वाढविणारी होती. आजची कामे त्याचा वर्गातील वेळ हिरावून घेतात.

वेतनाचे काय? २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे मानधन, तेही प्राथमिक स्तरावर आरंभी दरमहा ३,००० रुपये. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. मधल्या दोन दशकांत ज्यांची उमेद खचली, त्यांना ती वाढ परत देणार नाही. आमच्या परिचयातील एक तरुण तासिका तत्त्वावर इतिहास शिकवी. मुले त्याच्या तासाची वाट पाहत. विवाह ठरेना, तेव्हा त्याने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले. अशा माणसाला प्रेरणा शिबिरात बसवून काय सांगणार?

तरीही एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. पूर्ण वेतन घेऊनही वस्तीतील मुलाच्या घराचा उंबरठा कधी न ओलांडलेले शिक्षक आपल्यातच आहेत, आणि ते आपल्याच समाजातून आलेले आहेत. केवळ पैशाने हे बदलणार नाही. मात्र धोरण वेतन, वेळ आणि मान यांपैकी काहीच देत नसेल, तर अशांना जाब विचारण्याचा नैतिक अधिकारही उरत नाही.

निवासी शाळेत तर शिक्षकाचा दिवस शेवटच्या घंटेने संपत नाही. रात्रीची अभ्यासिका, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी काढलेली रात्र, सुटीनंतर परत न आलेल्या मुलीच्या गावी मारलेला हेलपाटा, यांपैकी एकही तास कार्यभाराच्या तक्त्यात दिसत नाही. शासनाला सुधारणेची सुरुवात करायची असेल, तर त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा आणि त्या तासांचा मोबदला ठरवावा. जोतीरावांनीही मोघम काही मागितले नव्हते. रुपयांचा आकडा लिहून दिला होता.