नमुन्याची सही

माझ्या धाकट्या भावाच्या घरी सध्या सकाळी आंघोळीला रांग लागते. दोन बाथरूमपैकी एक त्याच्या मुलीने बळकावली आहे. खिडकीच्या काचेला काळा कागद, दाराच्या फटीला जुनी घोंगडी, एका फळीवर बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला एनलार्जर. बाहेर पाटी : ‘लाल दिवा चालू आहे, दार उघडू नये.’ भावजयीचे तीन ट्रे आत गेले ते गेलेच. आता तिलाही ते परत नकोत, त्यांना हायपोचा वास येतो.

पुतणी एकवीस वर्षांची आहे आणि फोटोग्राफी शिकते. वर्षअखेरीच्या कामासाठी तिने बारा फोटो केले. धरणाच्या पाण्यावर मुळांसकट अधांतरी तरंगणारा वड, तळहातातून उगवलेलं घर, छताच्या जागी ढग असलेली खोली. अतिवास्तव म्हणतात तो प्रकार, स्वप्नात दिसावं तसं. परीक्षकांनी पाच मिनिटं पाहिले आणि म्हणाले, “ही तर जेरी यूल्समनची नक्कल आहे. त्याला विसरा आणि स्वतःचं काहीतरी करून आणा.” पोरगी दोन दिवस जेवली नाही. भावाचा फोन आला, “दादा, तूच समजाव तिला. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हणावं.” मी बँकेत होतो, हे आमच्या घरात अजूनही औषधासारखं वापरलं जातं.

मी गेलो. बारा फोटो समोर मांडून बसलो. आणि वाचकहो, परीक्षकांचं म्हणणं अर्धं मला पटलं.

हे यूल्समन कोण, ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये 1934 साली जन्मलेला हा माणूस. फ्लोरिडा विद्यापीठात 1960 पासून जवळजवळ चार दशकं त्यांनी शिकवलं; 2022 साली ते वारले. त्यांच्या अंधारखोलीत एक सोडून अनेक एनलार्जर ओळीने मांडलेले असत. पहिल्यात झाडाची निगेटिव्ह, दुसऱ्यात पाण्याची, तिसऱ्यात आकाशाची. कागद पहिल्या यंत्राखाली धरायचा, नको तो भाग पुठ्ठ्याने नाहीतर हाताने झाकायचा, मग तोच कागद पुढच्या यंत्राखाली न्यायचा. या सगळ्या वेळात कागद कोराच दिसतो. डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर कळतं, झाड पाण्यावर तरंगलं की बुडालं. छायाचित्र शटर दाबण्याआधी मनात पूर्ण दिसायला हवं, असा त्या काळच्या अमेरिकन दिग्गजांचा दंडक होता. यूल्समन म्हणाले, मला ते नंतर, अंधारखोलीत दिसलं तरी चालेल. 1967 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं.

पण हे यूल्समन तरी आभाळातून पडले का? रॉचेस्टरला मायनर व्हाइट यांच्याकडे ते शिकले, इंडियानाला हेन्री होम्स स्मिथ यांच्याकडे. चित्रकार रेने माग्रीत यांचं ऋण ते मानत. आणि अनेक निगेटिव्ह जोडून एक चित्र करण्याची युक्ती तर 1857 सालची. ऑस्कर रेलँडर यांनी तीसेक निगेटिव्ह जुळवून एक भलंमोठं चित्र केलं होतं आणि त्याची एक प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली होती. आमच्या तालुक्याच्या गावचा स्टुडिओवाला एकाच माणसाला एकाच फोटोत दोनदा बसवून स्वतःशीच पत्ते खेळायला लावायचा. त्याला रेलँडर ठाऊक नव्हता. कुणाचं तरी बघून शिकला होता एवढंच.

तेव्हा ‘त्याला विसरा’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे गायकाच्या पोराला कुणी सांगतं का, की गुरूची तान विसर? आधी तीच घोटून घेतात, पाच वर्षं, दहा वर्षं. कादंबरी लिहायला लागलो तेव्हा मीही माझ्या आवडत्या लेखकाची पानंच्या पानं हाताने उतरवून काढली होती. (कुणाची ते सांगणार नाही. पहिली कादंबरी वाचलेल्यांना कळलंच असेल.) दृश्यकलेच्या बाबतीत मात्र आपल्याला पहिल्याच वर्षी ‘स्वतःचं काहीतरी’ हवं असतं. ते आणायचं कुठून?

तरी परीक्षकांचं अर्धं म्हणणं पटलं, असं म्हणालो, ते का? त्याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. नोकरीची पहिली कित्येक वर्षं माझी सह्या जुळवण्यात गेली. चेक आला की कार्डांच्या पेटीतून नमुन्याची सही काढायची आणि शेजारी धरायची. नवीन कारकुनाला वाटतं, सही हुबेहूब जुळली की चेक खरा. जुना अधिकारी नेमका तिथेच थांबतो. खरा माणूस दोनदा अगदी तीच सही करूच शकत नाही. कधी घाई असते, कधी पेन अडतं, कधी हात थकलेला असतो. दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या की समजायचं, एक गिरवलेली आहे. गिरवणाऱ्याचा हात हळू चालतो आणि रेघ थरथरते.

पुतणीचा पाण्यावरचा वड असा गिरवलेला होता. उत्तम गिरवलेला, पण यूल्समनचं झाड काढून तिथे आपला वड ठेवला, एवढंच.

गुरू-शिष्य प्रकरणात दुसरा धोकाही असतो, तोही मी तिला सांगितला. 1929 साली ली मिलर नावाची अमेरिकन तरुणी पॅरिसमध्ये मॅन रे या नामांकित छायाचित्रकारासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी तुमची नवी विद्यार्थिनी. तो म्हणाला, मी विद्यार्थी घेत नाही आणि मी सुट्टीवर निघालोय. ती म्हणाली, मीही येते. तीन वर्षं ती तिथे राहिली. तिनेच पुढे सांगितलेली हकीकत अशी : एकदा अंधारखोलीत तिच्या पायावरून काहीतरी सरसरत गेलं, बहुधा उंदीर, आणि तिने घाबरून दिवा लावला. ट्रेमधल्या निगेटिव्हवर उजेड पडला. फेकून द्यायच्या त्या निगेटिव्ह मॅन रेने तशाच पुऱ्या केल्या, तर आकृतीभोवती विलक्षण काळी कड उमटलेली. सोलरायझेशनची ही क्रिया आधीपासून माहीत होती, पण त्या दोघांनी तिचं तंत्र बसवलं आणि ते मॅन रेच्या नावाने गाजलं. त्या काळातले काही फोटो नेमके कुणाचे, हे आजही सांगता येत नाही. पुढे ही बाई महायुद्धाची वार्ताहर-छायाचित्रकार झाली आणि स्वतःच्या नावावर उभी राहिली, पण त्यासाठी आधी तिला पॅरिस सोडावं लागलं.

“म्हणजे सोडू का मी यूल्समनला, काका?” पुतणीने विचारलं.

“घाई करू नकोस,” मी म्हटलं. “बारावा दाखव.”

बारावा फोटो तिने उलटा ठेवला होता. तो परीक्षकांनी धड पाहिलाच नसावा. आमचं गाव उजनी धरणाच्या पोटात गेलं. 1980 साली धरण पूर्ण झालं, त्याच्या आधीच आम्ही बाडबिस्तरा उचलला होता. जुन्या वाड्याच्या माजघराचा एकच फोटो घरात आहे, आत्याच्या लग्नातला, कडा पिवळ्या पडलेल्या. पुतणीने त्या फोटोचा फोटो काढून निगेटिव्ह केली. मग उन्हाळ्यात भिगवणच्या बाजूला जाऊन उजनीच्या फुगवट्याचं पाणी टिपलं. आणि बाथरूममध्ये बसून माजघरात पाणी सोडलं. कोनाड्यातली समई पाण्याच्या वर वीतभर. वरवंटा पाटाशेजारी पाण्याखाली अंधुक दिसतो. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडेना. एकूण एकोणीस प्रिंट वाया गेल्यावर ही विसावी.

युक्ती संपूर्ण यूल्समनची, पण हात थरथरलेला नव्हता. आमच्या घरात पाणी शिरलं हे स्वप्न नव्हे, तो आमचा सात-बारा आहे.

तिचा मामेभाऊ शेजारी बसला होता. त्याने मोबाईलवर चार शब्द लिहिले आणि अर्ध्या मिनिटात यंत्राने पाण्याने भरलेलं घर काढून दिलं. छान होतं. यंत्राशी माझं भांडण नाही. यूल्समन यांच्याबरोबर अनेक वर्षं संसार केलेल्या मॅगी टेलर अशीच चित्रं कॉम्प्युटरवर करतात आणि त्यांत त्यांची स्वतःची सही स्पष्ट दिसते. पण मामेभावाच्या चित्रातलं घर कुणाचंच नव्हतं. आणि एकोणीस वाया गेलेल्या प्रिंटांमध्ये पोरीला जे कळलं ते त्याला अर्ध्या मिनिटात कळलं असेल, असं मला वाटत नाही.

मी भावाला सांगितलं, फॉर्म भरायचा तर भरू दे, पण बाथरूम वर्षभर तिची. तिला म्हटलं, नव्या कामाच्या पहिल्या पानावर यूल्समनचं नाव स्वच्छ लिही. कर्ज घेतलं की खात्यावर दिसायला हवं. लपवलं तर ती नक्कल.

भाऊ तोवर बाराव्या फोटोजवळ गेला होता. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिला. गाव सोडलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

“पाणी एवढं वर नव्हतं गं,” तो म्हणाला. “आम्ही ट्रकमध्ये बसलो तेव्हा जोत्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही.”

पुतणीने त्याच्या हातातून फोटो घेतला, बोटाने पाण्याची रेघ मोजली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लाल दिवा लागला. भावाची आंघोळ त्या दिवशी राहिलीच.