ऑर्लंडोतील शाकाहाराचा हिशेब

परदेशातील थीमपार्कची सहल आखणाऱ्या शाकाहारी मराठी कुटुंबांत एक समज इतका रूढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. तिकडे शाकाहारी माणसाला धड खायला मिळत नाही, जे मिळते ते महाग पडते, आणि म्हणून एक तर आचारी सोबत नेणाऱ्या टूरबरोबर जावे, नाही तर अर्धी बॅग फराळाने भरून न्यावी, तेही नसेल तर सगळ्या जेवणांचे पैसे आगाऊ भरून निर्धास्त व्हावे, असा तो समज आहे. या तिन्ही उपायांत थोडेफार तथ्य आहे. परंतु ज्या गृहीतकावर ते उभे आहेत ते गृहीतक, निदान अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लंडोपुरते, टिकत नाही. तेथे कुटुंबाचा खर्च वाढतो तो शाकाहारामुळे नव्हे, तर भूक लागेल तेथे थांबून समोर दिसेल ते विकत घेण्यामुळे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऑर्लंडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले आणि १९८२, १९८९ व १९९८ या वर्षांत भर पडत आज तेथे चार स्वतंत्र पार्क आहेत. एका पार्कमध्ये सकाळी शिरलेले कुटुंब रात्रीची आतषबाजी पाहूनच बाहेर पडते, म्हणजे दिवसाची दोन जेवणे आणि मधले खाणे पार्कच्या कुंपणाच्या आत येते. आतील उपाहारगृहे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत: एक, काउंटरवर किंवा मोबाइलवरील अ‍ॅपमधून मागणी नोंदवून ट्रे स्वतः उचलून आणण्याची; आणि दुसरी, टेबलावर वाढणारी, जेथे बिलावर विक्रीकराखेरीज अठरा ते वीस टक्के टिप देण्याची रीत आहे. खर्चाच्या दृष्टीने हा फरक शाकाहार-मांसाहाराच्या फरकापेक्षा मोठा आहे, आणि नेमका तोच पूर्वपक्षाच्या नजरेतून सुटतो.

आगाऊ पैसे भरण्याचा मार्ग प्रथम घ्यावा, कारण तो सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ‘डायनिंग प्लॅन’ नावाची योजना घेता येते. २०२० साली थांबलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या स्वस्त प्रकारात दर मुक्कामी रात्रीमागे दोन काउंटरची जेवणे आणि एक मधले खाणे, शिवाय मुक्कामभर पेयासाठी पुन्हा पुन्हा भरता येणारा एक मग मिळतो. २०२४ मध्ये त्याचा दर मोठ्या माणसास सुमारे ५७ आणि लहान मुलास सुमारे २४ डॉलर होता. यात दहा वर्षांचे मूल ‘मोठे माणूस’ ठरते, आणि एकाने योजना घेतली तर खोलीतील तीन वर्षांवरील प्रत्येकाला ती घ्यावी लागते. आता काउंटरवरील शाकाहारी जेवण साधारण चौदा-पंधरा डॉलरचे, पेय पाच डॉलरचे आणि मधले खाणे सहा डॉलरचे धरले, तर तेवढ्याच गोष्टी सुट्ट्या घेतल्यास कर धरूनही बेरीज पन्नाशीच्या आत राहते. पेयाऐवजी पाणी घेतले तर ती चाळिशीच्या आत येते, कारण काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितल्यास फुकट मिळतो. योजनेचा दर सर्व ग्राहकांच्या सरासरीवर बेतलेला असतो. मांसाचा महागडा पदार्थ घेणाऱ्यालाही एकच जेवण खर्ची पडते आणि घेवड्याच्या बिया व भात घेणाऱ्यालाही एकच. शाकाहारी कुटुंब अशा योजनेत शेजारच्या टेबलावरील मांसाहाराचा थोडा भार उचलते, एवढाच तिच्या निर्धास्तपणाचा अर्थ आहे. (लहान मुलांचे जेवण फुकट देणाऱ्या सवलती अधूनमधून निघतात, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.)

‘खायला मिळत नाही’ हा आक्षेप एके काळी खरा होता. २०१९ च्या शरद ऋतूत डिस्नेने आपल्या अमेरिकी पार्कांतील उपाहारगृहांत वनस्पतिजन्य, म्हणजे मांस, दूध, अंडी आणि मध यांपैकी काहीही नसलेले पदार्थ ठेवण्यास सुरुवात केली आणि मेनूवर त्यांना पानाचे चिन्ह दिले. अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमधील सातुली कँटीनमध्ये भात व घेवड्यावर तळलेला टोफू आणि सॉस घालून वाडगा मिळतो, आणि तो एका माणसाचे पोट नीट भरतो. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील सना या उपाहारगृहात तर नान, कुलचा आणि पराठा असे पाच प्रकार नऊ चटण्या-लोणच्यांसह एका थाळ्यात येतात. तेथे जाण्यास पार्कचे तिकीट लागत नाही, खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, आणि टेबलावरच्या जेवणासाठी एखादी संध्याकाळ राखायचीच असेल तर ती येथे राखावी.

मात्र या आक्षेपाचा एक भाग खंडन करून उडवता येत नाही. अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ असे लिहिलेल्या पदार्थात अंडे सर्रास असते, आणि तसे काहीच न लिहिलेल्या निरुपद्रवी पदार्थांत मांसाचा अंश लपलेला असू शकतो. शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी, भातात पाण्याऐवजी कोंबडीचा रस्सा, सीझर सॅलडच्या सॉसमध्ये माशाचा अंश, मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन आणि काही चीजमध्ये वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट, म्हणजे दूध विरजण्याचे द्रव्य, ही नेहमीची उदाहरणे होत. अमेरिकेतील मॅकडोनाल्डच्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये गोमांसापासून काढलेला स्वाद असतो हे २००१ साली हिंदू व शाकाहारी ग्राहकांनी लावलेल्या दाव्यांमुळे जगजाहीर झाले, आणि पुढल्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतातील त्याच नावाच्या फ्राइज खाऊन मोठ्या झालेल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पण या अडचणीवर फराळाची बॅग हा उपाय नव्हे. पानाचे चिन्ह असलेला पदार्थ निवडला म्हणजे अंडे, चरबी, रस्सा आणि जिलेटिन ही सगळी शंका एकदम मिटते, आणि दूध चालत असल्याने चीज हवे असेल तर तेवढ्यापुरते विचारावे लागते. कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या कुटुंबाला मात्र हे चिन्ह पुरत नाही; त्यांच्या बाबतीत पूर्वपक्षाचे पारडे जड आहे, हे मान्य करणे भाग आहे.

बॅगेच्या मार्गातील खरे अडथळे दोन आहेत आणि दोन्ही निघण्याआधीच कळण्याजोगे आहेत. पहिला सीमाशुल्क तपासणीचा. खापरा भुंगेरा या धान्यकिडीच्या भयाने भारतातून प्रवाशांच्या सामानात तांदूळ नेण्यास अमेरिकेने २०११ पासून बंदी घातली आहे. ताजी फळे आणि भाज्या यांचीही सहसा तीच गत होते. आणि बाकीचे सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. दुसरा अडथळा विजेचा. भारतातील किटली किंवा छोटा कुकर २३० व्होल्टवर चालतो, अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची आहे, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होत असल्यामुळे हजार वॉटची किटली तेथे जेमतेम पावणेतीनशे वॉटची राहते. पिनचा अडॅप्टर लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो. खिचडीचे तांदूळही नाहीत आणि कुकरही तापत नाही, अशा स्थितीत बॅगेत उरतात ते लाडू आणि चिवडा, ज्यांवर दोन दिवसांपलीकडे मुलेही राजी नसतात.

आचारी सोबत असलेल्या टूरबद्दल थोडक्यात एवढेच म्हणता येईल की वृद्ध आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ती उत्तम सोय आहे, पण तिला स्वस्त म्हणणे चूक आहे. जेवणाचा खर्च तिकिटात मिसळलेला असल्याने तो दिसत नाही, आणि बस जेवायला निघण्याची वेळ पुष्कळदा आतषबाजी सुरू होण्याआधीची असते.

आता मंडनाकडे वळावे. डिस्नेचे नियम बाहेरचे खाणे आत नेऊ देतात: ते घरगुती असो वा दुकानातले, अट एवढीच की काचेचे भांडे नसावे, पदार्थ गरम करावा लागू नये आणि त्याला उग्र वास नसावा. सुटा बर्फ चालत नाही, गोठवलेली जेलची पिशवी चालते. शेजारचे युनिव्हर्सल यापेक्षा कडक आहे, तेथे लहान मऊ पिशवी आणि किरकोळ खाणे एवढीच मुभा आहे. टोकियो डिस्नेलँड बाहेरचे खाणे आत नेऊच देत नाही, दाराबाहेर बसून खाण्याची जागा तेवढी देते. शांघाय डिस्नेलँडने अशीच बंदी घातली होती, पण कायद्याच्या एका विद्यार्थिनीने २०१९ साली दावा लावल्यावर ती सैल करावी लागली. म्हणून येथील प्रतिपादन ऑर्लंडोच्या मर्यादेतच खरे आहे आणि ते टोकियोला लावू नये.

नियम एवढे उदार असताना उतरण्याची जागा स्वयंपाकघर असलेली घेणे हाच खर्च आवरण्याचा मुख्य उपाय ठरतो. पार्कच्या दक्षिणेला किसिमीत, हमरस्ता १९२ च्या आसपास, अशी घरे आणि सूट भाड्याने मिळतात. फ्लोरिडात बहुतेक किराण्यावर विक्रीकर नाही, तयार जेवणावर मात्र आहे. म्हणजे वॉलमार्ट किंवा पब्लिक्स या दुकानांतून घेतलेला तांदूळ, दही आणि डबाबंद छोले करमुक्त मिळतात, आणि तेच जिन्नस पार्कमध्ये शिजून आले की त्यांवर किंमतही चढते आणि करही. दही घेताना मागचे लेबल वाचावे, कारण घट्टपणासाठी काही दह्यांत जिलेटिन घालतात. मेक्सिकन टॉर्टिया पोळीचे काम भागवते, पण ती चरबीत मळलेली नाही हे आधी पाहावे. सकाळी दूध-पोहे वा पराठे खाऊन निघावे. डब्यात दहीभात असेल तर तो रात्रीच शिजवून, फ्रिजमध्ये गार करून, जेलच्या पिशवीला चिकटवून न्यावा. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असताना नाशवंत अन्न तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये, असे अमेरिकी कृषिखात्याचे सांगणे आहे. छोल्यांचा डबा उघडून, खारे पाणी धुऊन टाकून, त्यात कांदा, लिंबू आणि बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी कालवली तर ते भेळेसारखे लागते आणि गारच खायचे असते. दुपारचे एक जेवण मात्र पार्कमध्येच, काउंटरवर, अकराच्या सुमारास गर्दीआधी घ्यावे, कारण त्या वेळी वातानुकूलित जागेत बसण्याची जरुरी पोटाइतकीच पायांनाही असते. इतक्या दूर जाऊन डबाच खायचा का, या आक्षेपाला हे एक जेवण पुरेसे उत्तर आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पूर्वपक्ष मांडतच नाही, म्हणून तो येथे मांडला पाहिजे. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली म्हणजे सहलीतही स्वयंपाक घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतो, आणि वर दिलेल्या डॉलरच्या हिशेबात तिच्या श्रमांचा रकाना नाही. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि ज्या कुटुंबात डबा भरणारी व्यक्ती एकच असेल तेथे वरील बचत ही बचत नसून उधारी आहे. यावर पोळ्या आणि कुकर सोडून देणे हा व्यवहारी तोडगा आहे: गोठवलेले पराठे, मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिटात होणारा भात, कापून मिळणाऱ्या भाज्या आणि डबाबंद छोले यांत लाटणे नाही, शिट्ट्या मोजणे नाही, आणि पाकिटावरील दोन ओळी वाचता येणाऱ्या कोणालाही हे जमते. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याचाही कंटाळा आला तर काउंटरचे दुसरे जेवण विकत घ्यावे. चार माणसांचे ते बिल साठ डॉलरच्या आसपास जाते, आणि दोनदा भरूनही आठवड्याची बेरीज आगाऊ भरलेल्या योजनेच्या बरीच खाली राहते.