गोठलेल्या सरोवरावरची वाट

पाण्यावरून चालणें ही आपल्याकडे योग्याची सिद्धि समजली जाते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत मात्र पौष-माघाच्या सुमारास बँकेंतले कारकून, शाळामास्तर आणि त्यांचीं मुलेंबाळें सरोवराच्या मध्यावर जाऊन बसतात, बर्फास गिरमिटानें वीतभर रुंदीचें भोंक पाडतात आणि त्यांतून गळ सोडून मासे धरतात. कित्येकजण तेथें खोपटें नेऊन, आंत शेगडी पेटवून, रात्रीचा मुक्कामहि करतात. ज्या घरीं मासळीचें नांव निघत नाहीं त्या घरांतील वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु मिनियापोलिसच्या आसपास आतां मराठी कुटुंबें बरींच आहेत, आणि कचेरींतले सोबती "चला, या रविवारीं बर्फावर" असें म्हणाले कीं तरुण मंडळींचा पाय घरांत ठरत नाहीं. अशा वेळीं येथल्या वडील माणसांनीं 'जाऊं नको' एवढेंच सांगून भागत नाहीं. काय विचारून जावें, हें सांगतां आलें पाहिजे.

सरोवर तळापासून न गोठतां वरून गोठतें, ही निसर्गाची मोठी सोय आहे. पाणी सुमारें 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें आणि तेंच प्रथम गोठतें. म्हणून वर हाडें फोडणारी थंडी असतांहि खालीं मासा जिवंत असतो. पण ही वरची साय सर्वत्र सारखी धरत नाहीं. जेथें ओढा मिळतो, जेथें झरा आहे, तेथें ती पातळ राहते. वर भुसभुशीत हिम पडलें तर तें गोधडीसारखें ऊब धरतें आणि खालचा बर्फ वाढूं देत नाहीं. राज्याच्या निसर्गसंपत्ति खात्यानें प्रमाण घालून दिलें आहे तें असें: स्वच्छ, नव्या बर्फावर पायीं जाण्यास निदान 4 इंच, लहान मोटारीस 9 ते 10 इंच आणि अवजड ट्रकास 16-17 इंच जाडी हवी. हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच बळाचा, म्हणून तेथें हीं मापें दुप्पट धरावयाचीं. शिवाय दर दीडशें फुटांवर पहारीनें वा गिरमिटानें पुन्हां पाहावयाचें. मौज अशी कीं, हें खातें स्वतः सरोवरें मोजून 'सुरक्षित' अशी पाटी कोठेंच लावीत नाहीं. पाटी नसली कीं सरकारास बोल लावण्याची आपली रीत आहे; पण येथें खात्याचें वागणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें, कारण सकाळची पाटी सायंकाळीं खोटी ठरूं शकते.

राज्याच्या उत्तरेस अपर रेड लेक नांवाचें विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. उथळपणामुळें तें इतर मोठ्या सरोवरांच्या आधीं गोठतें, आणि हंगामाच्या आरंभीं दूरदूरचे लोक तेथें धांव घेतात. 2023 चा डिसेंबर तिकडे विलक्षण उबदार होता. त्या महिन्याच्या 29 तारखेस बर्फाचा एक मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला, मध्यें उघडें पाणी पडलें आणि पलीकडे शंभराहून अधिक माणसें अडकलीं. त्याच दिवशीं बचाव-पथकांनीं सर्वांस बाहेर काढलें. पायांखालचा बर्फ टिकला होता. तुटली होती ती परतीची वाट.

वाटेचे नियमहि जाणून घेण्यासारखे आहेत. तेथें सरोवराचें पाणी बहुधा सार्वजनिक, पण कांठची जमीन पुष्कळदां खासगी. म्हणून सरकारी उतारावरून तरी उतरावें, नाहींतर मालकाची परवानगी घ्यावी. कांठचे विश्रामगृहवाले हिम बाजूला सारून बर्फावर रस्ते राखतात व मोटारीमागें पैसे घेतात. ते देणें जिवावर येतें खरें. परंतु त्या पैशांत, आज पहाटे त्या रस्त्याचा बर्फ पाहून आलेला माणूस आपणांस मिळतो. मासे धरण्यास परवाना लागतो, आणि खोपटें रात्रभर ठेवावयाचें तर त्याचा परवाना निराळा. ठरल्या तारखेच्या आंत, मार्चमध्यें, तें उचलावें लागतें.

पण सर्वांत मोठी मर्यादा डोळ्यांना दिसतच नाहीं. अपर रेड लेकचा पूर्वेकडील भाग राज्याचा आहे. पश्चिमेकडील मोठा भाग आणि त्यास लागून असलेलें सबंध लोअर रेड लेक हें रेड लेक ओजिब्वे या आदिवासी राष्ट्राच्या ताब्यांत आहे. बाहेरच्यानें त्यांच्या अनुमतीवांचून तेथें गळ टाकणें निषिद्ध. पांढऱ्या सपाटीवर ना बांध ना कुंपण, तेव्हां नकाशा जवळ नसेल तर हद्द केव्हां ओलांडली तें कळतहि नाहीं. हा नियम कोणास आडमुठेपणाचा वाटेल, म्हणून त्यामागची हकीकत सांगितली पाहिजे. अति मासेमारीमुळें 1990 नंतरच्या दशकांत तेथील वॉलाय नांवाचा नामांकित मासा जवळजवळ संपला. ओजिब्वे लोकांनीं 1997 सालीं आपली व्यापारी मासेमारी आपण होऊन थांबविली. 1999 मध्यें जमात व राज्य यांनीं करार करून वॉलाय धरणें दोन्हींकडे बंद ठेवलें, कोट्यवधि पिलें सोडलीं, आणि 2006 सालीं गळ पुन्हां पाण्यांत पडले. ज्यांनीं पोटावरचा धंदा इतकीं वर्षें आवरला, त्यांनीं आपल्या हद्दीविषयीं कडक असावें यांत नवल तें काय?

इतकें करूनहि जाणाऱ्यानें अंगांत तरंगतें जाकीट घालावें, गळ्यांत दोन टोकदार खुंट्या अडकवाव्या, आणि कोठें जातों, केव्हां परततों हें घरीं सांगून निघावें. बर्फावरून मोटार न्यावीच लागली तर पट्टा सोडलेला व कांचा खालीं असाव्या. पाय फसून पाण्यांत पडल्यास ज्या दिशेनें आलों तिकडेच तोंड करावें, कारण तिकडच्या बर्फानें आपला भार एकदां सोसलेला असतो. खुंट्या बर्फांत रोवून, पाय झाडीत अंग वर ओढावें, आणि वर आल्यावर उभें न राहतां लोळतच मागें यावें.