बेसिनच्या जाळीखालचा आजार

रात्रपाळीत एक आजी नातवाचा दुधाचा ग्लास वॉर्डातल्या बेसिनमध्ये विसळत होती. मी म्हटलं, "आजी, इथं नका धुऊ." ती वळून म्हणाली, "मंग कुठी धुवू जी, सिस्टर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मजल्यावर भांडी धुवायला दुसरी जागाच नव्हती. नोकरी सोडून आता मी वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते, पण आजीचा तो प्रश्न माझ्यासोबतच आहे.

बेसिनच्या जाळीखाली पाईपला वाक असतो. गटाराचा वास वर येऊ नये म्हणून त्या वाकात थोडं पाणी कायम साचलेलं असतं. तिथे पाईपच्या आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू घर करतात. घरच्या मोरीतही असा थर असतोच. पण रुग्णालयाच्या पाईपमध्ये रुग्णाच्या अंगावरचे जंतू जातात, उरलेली अँटिबायोटिक औषधंही जातात. औषधाने कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. औषधाला दाद न देण्याचा गुण ते शेजारच्या जंतूंनाही देतात. वरून दूध, साखर, डाळीचं पाणी पडलं की त्यांना आयतं खाद्य मिळतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने 2017 मध्ये हे तपासून पाहिलं. खाद्य मिळालेले जंतू पाईपमधून रोज साधारण एक इंच वर चढले आणि आठवडाभरात जाळीपर्यंत पोचले. मग नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर ते बाहेर उडाले. कॅनडात टोरांटोच्या एका रुग्णालयात 2004 ते 2006 या काळात 36 रुग्णांना अशाच बेसिनमधून स्यूडोमोनास नावाच्या जंतूची लागण झाली. शिंतोडे मीटरभर लांब जात होते. बेसिनची रचना बदलल्यावर साथ थांबली.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्बापेनेम या राखीव औषधांना दाद न देणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 जंतूंमध्ये एनडीएम-1 हा गुण सापडला. 2011 मध्ये दिल्लीत नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 नमुन्यांत तोच गुण आढळला. असा जंतू रक्तात गेला की डॉक्टरांकडे फार थोडी औषधं उरतात. त्यातलं कोलिस्टिन किडनीला त्रास देतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यानंतर एका खासदाराने अधिष्ठात्यांना तिथलं घाण शौचालय साफ करायला लावलं. ते मृत्यू पाईपमुळे झाले असं मी म्हणत नाही. पण झाडूचा फोटो निघाला म्हणून तुंबलेला पाईप मोकळा होत नाही. सरकारी रुग्णालयाच्या इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. गळका नळ रोज बघते ती सिस्टर, आणि तो बदलायचा अधिकार दुसऱ्याच खात्याकडे. मधल्या मध्ये कागद फिरत राहतो.

आणि बोल कुणाला बसतो? "नातेवाईकच घाण करतात," असं म्हणत इंदोऱ्याहून, रामबागहून आलेल्या आयाबायांना. नाही तर कंत्राटी सफाई कामगाराला, जो बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. ठेकेदाराने एकच फडकं दिलं, तर शौचालय आणि बेसिन तो त्यानेच पुसणार. यात दोष त्याचा नाही.

म्हणून मागण्या तीन. प्रत्येक मजल्यावर भांडी धुवायला वेगळी मोरी हवी. आयसीयू आणि नवजात बाळांच्या कक्षात बेसिन खाटेपासून दूर हवं, नळाची धार थेट जाळीवर पडायला नको, आणि पाईपच्या तपासणीची तारीख नोंदवलेली हवी. सफाई कामगाराला हातमोजे हवेत, शौचालय आणि बेसिनसाठी वेगळी फडकी हवीत. अर्ज लेखी द्या, अधीक्षक आणि बांधकाम विभाग दोघांनाही द्या, आणि पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, महिला मंडळाने मिळून जा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. वॉर्डातल्या बेसिनमध्ये चहा, दूध, उरलेलं वरण ओतू नका. डबा बंद करून घरी न्या आणि घरीच धुवा. बेसिनच्या कडेला दुधाची बाटली, चमचा किंवा बाळाचे कपडे ठेवू नका. हात मात्र जरूर धुवा, कोरडे करा, आणि मगच रुग्णाला हात लावा.

आजीने जागा विचारली होती. ती देणं हे रुग्णालयाचं काम आहे.